न उडालेलं पान

—अहो, असाच दुसरा स्टोल म्हणजे कसा? दोन उन्हाळे गॅलरीत वाळत घातला आणि त्यावरचं पिवळं पान जरासुद्धा उडालं नाही, हे तुम्ही मला कौतुकानं सांगताय? शी! हळदीचा रंग आहे बाई, ऑइलपेंट नाही. ही गच्ची बघा — कापड हळदीत भिजवायचं, वर पिंपळाचं पान, पानावर काच, आणि चार दिवस कडक ऊन. उघडी हळद ऊन खाऊन टाकतं, पानाखालची तेवढी राहते — झाला छाप. आणि तेच ऊन पुढे वर्षभरात तो छापही पुसतं. विकताना मी हे स्वच्छ सांगते, पटलं तर घ्या. लग्नात आहेर मिळाला म्हणालात ना, म्हणजे कुणाकडून घेतलेला ते तुम्हालाही ठाऊक नाही? मग हा स्टोल माझा नाहीच. मकबूलचा असणार.

कोण म्हणजे? माझा धाकटा भाऊ. इथेच काम करायचा, आणि हळदीत बाजारची रंगाची पुडी टाकायचा — वर लोकांना सांगायचा, नैसर्गिक! एक दिवस मला कळलं. अब्बांच्या पातेल्यात पुडी? म्हटलं, पातेलं ठेव खाली आणि चालता हो. सहा वर्षं झाली, ईदलाही दार उघडलं नाही मी. त्याची बायको, रझिया, जिन्यात शीरखुर्म्याचा डबा ठेवून जाते — मी मांजरांना घालते. सगळा नाही. ते जाऊ द्या.

पटत नाही? थांबा, साबण आणते. हळदीला साबण लागला की लाल होते, तुमच्याही स्वयंपाकघरात होत असेल. हं, चोळला — झालं लाल? नाही ना? पुडी! किळस येते मला असल्या — ते टोक द्या जरा इकडे. हे काय, हिरव्या दोऱ्याचे तीन टाके...

हे टाके मी घालते. मकबूल गेल्यावर सुरू केले, त्याचा माल माझा म्हणून खपू नये, म्हणून.

नको, पाणी नको. — मागच्याच्या मागच्या जूनमध्ये नऊ दिवस ऊनच पडलं नाही हो. आहेराचे चाळीस स्टोल, लग्न दारात, सगळी कापडं ओली. कुणाला धाडणार? मीच गेले रविवार पेठेत पुडी आणायला, तोंडावर पदर ओढून, आणि रात्रभर बसून ब्रशनं पानं काढली. सकाळी हात घासघासून धुतले. एकदाच केलं मी. एकदाच! — मकबूलही हेच म्हणाला होता. "आपा, एकदाच." मी ऐकून घेतलं नव्हतं.

असा दुसरा हवाय ना? जा मग, स्वारगेटच्या मागे त्याचं दुकान आहे. अख्तरबानूनं पाठवलं म्हणा. — नको. नाव नका घेऊ माझं. आणि व्हा बाजूला, तुमची सावली पडतेय कापडावर.