चाळीस पावलं

नाही पण मला सांगा, चाळीस पावलांवरच्या हरणाला दुर्बीण कशाला लागते हो? आमचं ओहायोतलं रान एवढं दाट, की शेजारचा खोकला तरच कळतं तो अजून आहे म्हणून! पण गेलो ना मी लेस्टरच्या बंदुकांच्या दुकानात... अवदसा आठवली, दुसरं काय!

तुम्हाला सांगतो, आमचा डेल्बर्टदादा मार्चमध्ये गेला. आर्डिथवहिनींचा फ्रीझर दरवर्षी हरणाच्या मांसानं तोच भरायचा. जाताना माझा हात धरून म्हणाला, "व्हर्न, यंदा तू." बस्, एवढंच. आणि मी कोण? तीन वर्षं ओळीनं नेम चुकलेला माणूस! आमच्या शिकारीच्या कॅम्पात चुकणाऱ्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कापून भिंतीला ठोकतात. माझे तीन आहेत तिथे, तिन्ही दादानं कापलेले. कात्री त्याचीच असायची.

वहिनींनी त्याची बंदूक मला दिली. जुनी, गुळगुळीत नळीची. आमच्याकडे शिकारीला छर्ऱ्याच्या बंदुकीत एकच जाड गोळी घालतात, आणि चाळीस पावलांना ती रग्गड झाली की!

पण लेस्टर! "काका, ही कुठल्या म्युझियममधून उचललीत? ही बघा, नळीला आतून पीळ, वर दुर्बीण, दीडशे पावलांवर नेम!" अरे बाबा, दीडशे पावलांत मधे शंभर झाडं, त्यांना मारू? तासभर डोकं खाल्लं, पण मी हललो नाही. दादाची बंदूक ती दादाची बंदूक! आता रिकाम्या हातानं निघणं बरं दिसेना, आणि तो वळला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे, म्हणून आपली फळीवरची सगळ्यात भारी काडतुसं उचलली. दादासाठी हलकं कशाला घ्यायचं, नाही का?

हंगामाचा शेवटचा दिवस. आलं हो हरीण! चाळीस पावलं, जास्त नाही! श्वास रोखला, दादाला मनात हाक मारली आणि... ठो! हरणानं माझ्याकडे पाहिलं. परत ठो! ते चालत गेलं हो, चालत! पळण्याइतकासुद्धा मान नाही!

कॅम्पात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. कात्री खिळ्याला तशीच लटकलेली, तिला कुणी हात लावेना. खोटं कशाला सांगू, मला रडू फुटलं.

तेवढ्यात वहिनी घेवड्याचं पातेलं घेऊन आल्या. माझा काडतुसांचा डबा उचलला, चष्मा लावला.

"भावोजी, ही पिळाच्या नळीची आहेत. गुळगुळीत नळीतून गोळी कोलांट्या खात जाते. ह्यांच्या कपाटात ह्याच बंदुकीच्या काडतुसांचा डबा पडलाय, विचारायचं तरी!"

मग कात्री घेतली. "वळा." आणि कापला, अगदी दादासारखाच वाकडा. तेव्हा कुठे सगळे हसले, वहिनी डोळे पुसत पुसत.

फ्रीझर म्हणाल तर भरला हो मी. वहिनींच्या दारापासून चाळीस पावलांवर कोंबडीचं दुकान आहे... तिथे माझा नेम चुकत नाही.