निळी रीप

बेथेस्डातल्या लाकडाच्या वखारीत रांग हलत नव्हती. नेरिसच्या पुढे एक बाई छपराची निळी रीप हातात धरून उभी होती. तिच्या पुढे कौलं घालणारा एक म्हातारा. तोच मागे वळला.

"ही कुठून आणलीस, पोरी?"

"व्हॅनवाल्याकडून. अजून वीस हव्यात. निळी म्हणजे मजबुती तपासून पास झालेली ना?"

"निळा रंग कुणीही फासतं. शिक्का कुठाय?"

"गठ्ठ्याला चिठ्ठी होती की."

"चिठ्ठी नाही चालत. प्रत्येक रिपेवर शिक्का लागतो. आणि ही गाठ बघ, अर्धी रीप खाल्लीय तिनं."

"कौलाखाली कोण बघायला जातंय?"

"कौलं नंतर गं. आधी शिडीसारखं याच रिपांवर पाय देत चढतो आम्ही. तुमच्याकडे कोण चढतंय?"

"नवरा. सकाळपासून वरच आहे."

"फोन लाव."

नेरिसलाही रिंग ऐकू येत होती.

"उचलत नाहीये."

"वर असताना कुणीच उचलत नाही. घाबरू नकोस."

"मग तुम्ही रांग सोडून कुठं निघालात?"

"गाडी काढतो. पत्ता सांग."