ब्रेक मी बसवलेत

दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या पोस्टमास्तरांच्या शेजारच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या. मास्तरांनी पेपर मिटला आणि कान तिकडे लावले.

"वहिनी, दादाची व्हीलचेअर दुरुस्तीची कार्यशाळा बंद पडली म्हणे?"

"पडणार होती गं. सगळे कारागीर स्वतःच व्हीलचेअरवर. लोक तोंड भरून कौतुक करायचे, काम मात्र दुसरीकडे न्यायचे."

"मग?"

"मग हे प्रादेशिक विकास संस्थेत देणगी मागायला गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, 'देणगीवर किती दिवस ढकलाल? तुम्हाला गिऱ्हाईक हवंय.' आणि स्वतः ह्यांना घेऊन रुग्णालयांत फिरल्या. प्रत्येक ठिकाणी अडगळीत मोडक्या खुर्च्यांचा ढीग!"

"तो सगळा दादाकडे?"

"सगळा! आपली खोली पुरेना, तर बाईंनी बंद पडलेलं बस आगार मिळवून दिलं. काल पहिल्या खुर्च्या पोचवल्या."

"टेम्पोतून?"

"टेम्पोत तर ह्यांच्या स्वतःच्या खुर्च्या, परतीसाठी! दुरुस्त केलेल्या खुर्च्यांवर हेच लोक बसले आणि निघाले की रुग्णालयाकडे, भर रस्त्यातून! पोलिसाने गाड्या थांबवून वाट दिली. दुकानदार बाहेर येऊन टाळ्या वाजवत होते."

"आणि दादा?"

"सगळ्यात पुढे!"

"आपला दादा? अपघातानंतर लोक बघतात म्हणून दाराबाहेर पडत नव्हता तो?"

"तोच. उतारावर तर असे सुटले, मी मागून ओरडतेय, 'अहो, हळू!' तर मान वळवून म्हणतात कसे, 'घाबरतेस काय? ब्रेक मी बसवलेत!'"