बाहेर ऊन हाय, आत बसा!

नऊ कप! तुम्हाला सांगतो, दोन दिवसांत नऊ कप चहा प्यालो मी, आणि तोही कुठे, तर घरात, खाटेवर, दार लोटून! वर्षातून असे दोनच दिवस निघतात हो... आठ आणि नऊ नोव्हेंबर, एकोणीसशे पंच्याहत्तर, दुसरा शनिवार आणि त्याला लागून रविवार, दिवाळी नुकतीच सरलेली, आभाळात ढगाचा ठिपका नाही. हवा झकास होती! वरवर बोलत नाही मी, माझ्याकडे लेखी आहे. मालेगावला तहसिलीत दफ्तरी आहे, कागद लावून ठेवतो, शाळा चौथीपर्यंत, पण अठरा वर्षं रोजची हवा वहीत लिहितो, एक दिवस खाडा नाही.

वच्छला, म्हणजे आमचं कुटुंब, तिला त्या वहीचं भारी वावडं. शुक्रवारी म्हणाली, "अठरा वर्सं झाले, आभाळ लिवून राह्यले तुमी. एखांद्या दिवशी त्या आभाळाखाली बसू तं द्या मले!"

मागणं केवढं, तर वावरात बसून हुरडा खायचा. लग्नाआधी माहेरी खाल्लेला, त्यानंतर नाहीच! आणि हुरड्याचं तुम्हाला ठाऊक आहे, ज्वारीचा दाणा आठ दिवस कोवळा, मग निबर झाला की वर्ष गेलं. म्हटलं, दिला शब्द! शनिवारी शिरपूरला नुसतं हिंडू, रविवारी मेडशीला तुझ्या भावाच्या वावरात हुरडा.

शनिवारी शिरपूरला एस्टीतून उतरलो, चार पावलं टाकली नाहीत तोच समोर प्रयागबाई, वच्छलाची मावशी. "अवो माय! गावात येता न घरी येत नाही? लोक का म्हनतीन मले?" झालं! आत. खाट, खाटेवर चादर, चहा. मी म्हटलं, मावशी, ओट्यावरच बसतो ना, ऊन छान आहे... "ओट्यावर? पावने काय ओट्यावर बसतेत? बाहेर ऊन हाय, आत बसा!" मग मावशीची जाऊ, जावेची शेजारीण गोमतीबाई, शेजारणीची व्याही मंडळी... एकीकडे प्यालात आणि दुसरीकडे नाही, असं चालतं होय? सहा घरं, सहा कप! मला आभाळ दिसलं ते खिडकीच्या गजांतून, फूटपट्टीएवढं. तेवढं पाहून ठरवलं, हवा झकास! आणि शेवटच्या एस्टीनं घरी.

वच्छला एवढंच म्हणाली, "उद्या हुरडा."

रविवारी मेडशी. मेव्हणे उकंडराव दारातच उभे. "जयभीम, जवाई! या, आत बसा!" मी म्हटलं, जयभीम, पण आधी वावरात जाऊ, हुरडा तिथंच... तर हा माणूस जिथल्या तिथं थबकला! "वावरात? ढेकलायवर? धुपटात? जवायाले मातीत बसवलं तं गाव थुंकीन माह्यावर!" आणि काय केलं असेल? गडी वावरात पाठवला, हुरडा तिथं भाजला, चोळला, धोतराच्या फडक्यात बांधून दोन मैल चालत घरी आणला, पितळी ताटात वाढला. गार! गार हुरडा खाल्लाय कधी? खाऊ नका.

आता खरं सांगतो. वच्छला चौकटीला टेकून माझ्याकडे पाहत होती. मी एक शब्द बोलायचा होता, 'नाही, मी मातीतच बसणार', बस्स. जावयाचा शब्द खाली पडला असता का? आणि मी काय म्हणालो? "चालते, चालते!" वर दोन कप चहा. किती झाले? आठ. हवा झकास!

परतताना एस्टीत हिनं पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. घरी पोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. हिनं पिशवी उघडली, तर आत पाच हिरवी कणसं! भावाच्या गड्याकडून कधी मागवून घेतली कोण जाणे. अंगणात पोतं अंथरलं, गवऱ्या पेटवल्या, कणसं निखाऱ्यात खुपसली, आणि हसली हो! अठरा वर्षांत त्या वहीत एवढं ऊन मी लिहिलेलं नाही. म्हणाली, "बसा इथं. मातीत."

मी बसणार... बसणारच होतो... तोच फाटकाची कडी वाजली. जगदेव, शेजारच्या आळीतला, बायकोसकट. "दोन दिस दिसले नाही, म्हनून म्हटलं पाहून यावं." आणि ऐका, माझ्या, माझ्याच तोंडून काय निघालं?

"या, या! बाहेर कायले उभे? आत बसा!"

वच्छला उठली. चहा ठेवला. नववा. आम्ही आत, दार लोटलेलं, अंगणात पाच कणसं कोळसा होत होती, वास पार खाटेपर्यंत. मंडळी गेल्यावर तिनं काही भांडण केलं नाही. भांडली असती तर बरं होतं! कोनाड्यातून वही काढून माझ्यापुढे ठेवली, टोक करून पेन्सिल ठेवली. "लिवा."

लिहिलं. आभाळ निरभ्र, वारा मंद, हवा झकास.

तिनं वाचलं, आणि खाली स्वतःच्या हातानं एक ओळ घातली, 'खिडकीतून पाह्यली.'

खोडली नाही मी. नोंद बरोबर आहे.