वेशभूषा स्पर्धेतली वहिनी

परीक्षक व्हायला मी तयार नव्हतेच. पण सासूबाई खालापूरजवळच्या एका शाळेत शिकवतात, आणि वेशभूषा स्पर्धेचे परीक्षक ऐन वेळी आले नाहीत. ‘नुसते गुण द्यायचेत, बोलायचं काही नाही,’ असं त्या म्हणाल्या, म्हणून गेले.

एक सैनिक झाला, एक डॉक्टर. एक झाड पाणी वाचवा म्हणून सांगून गेलं. मग आमच्या शेजारची स्वरा आली, दुसरीतली. डोक्यावर पदर, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, हातात चहाचा ट्रे. ट्रे माझ्यासमोर ठेवून ती गप्प उभी राहिली.

सासूबाई म्हणाल्या, ‘स्वरा, कोण झालीस गं? बोल, नाहीतर गुण मिळायचे नाहीत.’

स्वराने सगळ्यांकडे नीट बघून घेतलं, पण तोंड उघडलं नाही. सासूबाईंनी पुन्हा दटावल्यावर रडकुंडीला येऊन म्हणाली, ‘बाई, मी तुमची नवी सून हाय. ती कुठं बोलते?’

सगळी शाळा हसली. मी दहापैकी नऊ दिले. पहिला नंबर तिचाच आला.

घरी जाताना रिक्षात सासूबाईंनी विचारलं, ‘इतकी हुबेहूब होती, मग एक गुण का कापलास गं?’

‘शेवटी बोलली ना ती,’ मी म्हटलं.