डॉक्टरांचे आभार कुणी मानायचे?

नाही, मला सांगा, आभार मानायला पैसे पडतात का? अहो, ज्या माणसानं आपल्या चर्चच्या छताचा अख्खा खर्च एकट्यानं उचलला, तो दातांचा डॉक्टर, आणि त्याच्याच खुर्चीत मी आडवा, आऽ वासलेला, तोंडात कापूस, नळी, वर त्याची दोन बोटं... आणि तो हळूच विचारतो, "सेक्रेटरीसाहेब, छत गळायचं थांबलं का हो? कुणी काही बोललंच नाही, म्हणून विचारलं." आता मी काय बोलणार? "आँ... आँ..." तर म्हणतो, "दुखतंय का?" दुखत होतं! पण दाढ नव्हे!

तुम्हाला सांगतो, त्याची आई बरोबर त्या गळक्या जागेखाली बसायची. मांडीवर टॉवेल. थेंब पडला की डोकं पुसायचं आणि गीताची पुढची ओळ धरायची! जागा बदलली नाही बाईनं. ती गेली आणि यानं छत करून दिलं. आणि आम्ही? कोरडे ठणठणीत बसलो... आणि गप्प!

तसाच, अर्धा गाल बधिर, पाळकसाहेबांच्या घरी कमिटीत गेलो. म्हटलं, रविवारी सगळ्यांसमोर आभार मानू. पाळकसाहेबांनी उपदेशाचा आवाज लावला, "बंधू, दान देवाला दिलंय. त्याचे आभार माणसानं कशाला मानायचे?" चहा आणणाऱ्या पाळकीणबाई म्हणाल्या, "मग हा चहासुद्धा देवालाच का? नेऊ परत?" पाळकसाहेबांनी कप घट्ट धरला. तेवढ्यात आमचे शिंपीदादा, "त्याचे मानणार, मग मी चर्चला फुकट शिवून दिलेल्या पडद्यांचं काय?" अहो, तुमचेही मानू! आभार मानायला पैसे पडतात का?

शेवटी ठरलं, गाजावाजा नको, पाळकसाहेबांनी दवाखान्यात जाऊन यायचं. सोबत मी. तिथं मात्र त्यांनी डॉक्टरचा हात धरला आणि साध्या आवाजात म्हणाले, "तुमच्या आईची जागा आता कोरडी असते. हे आम्ही आधीच सांगायला हवं होतं." डॉक्टरनं चष्मा काढून पुसला... परत पुसला.

आणि पाळकसाहेबांनी पुढं बोलायला तोंड उघडलं, तर डॉक्टरची नजर थेट आत! "साहेब, ही दाढ कधीपासून अशी आहे?"

काढली! आणि पैसे? छे, हात लावला नाही! म्हणजे पुन्हा आभार आलेच की नाही? पाळकसाहेब सुजल्या गालावर बर्फ धरून मलाच खुणावतायत, तुम्ही जा म्हणून. जातो, न जाऊन सांगतो कुणाला? पण दारातूनच हात जोडीन हं... तोंड काही उघडणार नाही!