अंगठा उमटेना!

मंडळी, आधी सांगा — कष्टाचा पुरावा कुठे असतो? कागदावर की हातावर? मान काय डोलवता! ऐका.

आपल्या खालच्या गावात काजूचा कारखाना. तिथे शेवंतीबाई बिया फोडायची. काजूच्या टरफलात तेल असतं — कातडं जाळतं मेलं! राख लावून बसायची, तरी बोटं काळी ठिक्कर. तिचा दीर बाबल तिथेच पोती उचलायचा. तो कायम! महिन्याचा पगार, भरपगारी रजा, फंड! आणि शेवंती? किलोवर! गर तुटला — पैसे कापा! ताप आला — चूल बंद! का? तर म्हणे, बायकांचं काम बसून असतं! अहो, बसून तर शेठ पण असतो!

एक दिवस शेठने हजेरीचं यंत्र आणलं. "ज्याचा अंगठा उमटेल, तो कायम. यंत्राला बाई-पुरुष कळत नाही!"

शेवंतीला वाटलं, देव पावला. अंगठा ठेवला — उमटेना! पुसून ठेवला — उमटेना! मागच्या सगळ्या बायकांचं तेच. तेलाने रेघाच खाल्लेल्या!

बाबल हसला. "वहिनी, तुझ्या हाताला नशीबच नाय!"

"रेघा होत्या मेल्या! तू उचलतोस त्या पोत्यात गेल्या!"

शेठ म्हणाला, "नियम म्हणजे नियम."

"मग शेठ, एक हंगाम तुम्ही फोडा. नंतर तुमचा अंगठा ठेवून दाखवा!"

शेठने हात खिशात घातला, मंडळी! खिशात!

शेवंतीने बियांची टोपली पालथी घातली — काम बंद! एकीमागून एक, सगळ्यांनी घातली. गरच नाही तर पोतं कसलं भरणार? बाबल हात बांधून बसला. हसू कुठे गेलं बाबलचं?

दिवाळीचा माल अडला, तेव्हा शेठला देव आठवला! "बरं बाई, नावाने हजेरी घेऊ."

"आणि पगार?"

"बघू..."

"बघू नको. बाबलएवढा!"

कुणी टोपलीला हात लावला नाही. शेवटी शेठ "लिहा" म्हणाला. यादीत नावं चढली, तेव्हा टोपल्या सुलट्या झाल्या.

टाळ्या नकोत! तुमच्या बागेत गड्याला एक मजुरी आणि बाईला अर्धी — देतो कोण? पुढे बसलेत तेच!

उद्या देवाच्या दारातही यंत्र असेल. तिथे उलटा न्याय! गुळगुळीत अंगठा — सरळ आत! आणि तुमच्या रेघा शाबूत उमटल्या, की देव विचारील — "बाबा रे, जन्मभर हात कुठे ठेवले होतेस?"

आता घ्या नाव देवाचं. पण हात खिशातून काढून!